पुसट वाट

पत्र आदल्या दिवशी उद्यान कचेरीतून आलं होतं. चारच ओळी होत्या, आणि त्यातली तिसरी ओळ थोरल्या काकांनी सकाळपासून सहा वेळा वाचली होती. सातव्यांदा वाचण्याआधी त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. ओळ होती तशीच राहिली.

"मोठ्या बागेच्या चित्रात तळं आणि काचघर यांच्या जागांची अदलाबदल झालेली दिसते, तरी प्रदर्शनापूर्वी योग्य ती दुरुस्ती करून द्यावी," काकांनी वाचून दाखवलं आणि पत्र टेबलावर आपटलं. "दुरुस्ती म्हणे. माझ्या बापाच्या चित्रात."

छापखान्याच्या लांब टेबलाभोवती अख्खं घर बसलं होतं, आणि खरं सांगायचं तर ही गोष्ट त्या पत्रापेक्षा मोठी होती. काकांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे आत्याने, तीन वर्षांत या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. आजी गेली त्या आठवड्यात आत्या काकूला सगळ्यांदेखत म्हणाली होती, "पंधरा वर्षांपासून तिला दिसत नसणार असं डॉक्टर सांगतात, आणि एका घरात राहून तुला पत्ता नाही?" तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं. आज आत्या आली होती ती फक्त बापाच्या चित्रांचा प्रश्न म्हणून. दोघींच्या मधल्या खुर्चीत खारू बसली होती, कारण तिथे बसायला दुसरं कोणी धजलं नसतं.

"हिला विचार, चहात साखर चालते का अजून," काकू खारूला म्हणाली.

"तिला सांग, चालते," आत्या खारूला म्हणाली.

दोघींमध्ये अंतर फार तर हातभर. खारूने एकीचंही दुसरीला सांगितलं नाही, आणि तरीही बरोबर साखरेचा चहा आला.

खारू म्हणजे खारूताई. लहानपणापासून लाकूड कुरतडत बसायची म्हणून आजोबांनी ठेवलेलं नाव. आता तिशी ओलांडली, छापखान्यातले सगळे नवे ठसे तीच कोरायची, तरी नाव काही सुटलं नव्हतं. तिचे वडील, काकांचे धाकटे भाऊ, परगावी नोकरीला. त्यांना सकाळी फोन केला तर म्हणाले, "माझा होकार धरा. कशाला ते नंतर कळवा."

आजोबांनी हयातीच्या शेवटच्या वर्षांत शहराच्या सात सार्वजनिक बागा लाकडात कोरल्या होत्या. घारीने वरून पाहावं तशी एकेक बाग: कुंपण, फाटक, झाडांचे घेर, पाणी, वाट. या सात चित्रांनी घराण्याला नाव दिलं. दाताच्या डॉक्टरकडे ताटकळत बसलेल्या माणसासमोर ती असत, शाळांच्या जिन्यात असत, नव्या जोडप्यांच्या पहिल्या भिंतीवर असत. मोठ्या बागेत आता नवं दालन बांधलं होतं, आणि पहिलंच प्रदर्शन बागांवरच्या चित्रांचं होतं. समोरची संपूर्ण भिंत आजोबांना दिली होती. दहा दिवस उरले होते.

"पप्पा, नुसतं तळं नाही," काकांचा मुलगा म्हणाला. तो जमिनींची मोजणी करायचा, आणि घरात कोणी 'जवळपास' असं म्हटलं तरी त्याच्या कपाळाला आठी पडायची. त्याने मोठ्या बागेचा नकाशा आणला होता, आरपार दिसणाऱ्या कागदावर काढलेला. तो त्याने आजोबांच्या चित्रावर ठेवला. काही जुळलं नाही. मग त्याने तोच कागद पालथा घातला, आणि फाटक फाटकावर बसलं, तळं तळ्यावर, वाट वाटेवर.

"अख्खी बागच उलटी आहे," तो म्हणाला. "डाव्याचं उजवीकडे. साती बागांचं तेच. मी काल रात्री जेवणाआधीच सगळ्या तपासल्या."

हे वाक्य दुसऱ्या कुठल्या घरात एवढं लागलं नसतं. लाकडी ठशावर जे डावीकडे कोरावं ते कागदावर उजवीकडे उमटतं. म्हणून लाकडावर चित्र आधीच उलटं काढायचं, म्हणजे छाप सुलट येते. हा या छापखान्यातला पहिला धडा. त्यासाठी आजोबांनी भिंतीवर आरसा टांगला होता, आणि आरशात न पाहता लाकडाला हात लावणाऱ्याच्या बोटांवर पट्टी बसायची. काकांच्या बोटांनी ती पुष्कळदा खाल्ली होती. आणि ज्याने पट्टी मारली तोच सात वेळा पहिला धडा विसरला होता.

"इतक्या वर्षांत कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही?" आत्याने विचारलं.

"चित्र घेऊन बागेच्या फाटकात कोण उभं राहतं?" काका म्हणाले. "एका गिऱ्हाइकाने विचारलं होतं एकदा. बाबा त्याला म्हणाले, तुम्ही उलटे उभे राहिला असाल."

आत्याला हसू आलं, पण तिने ते चहाच्या कपात बुडवलं.

"कॉम्प्युटरवर एका बटणात सरळ होईल," मोजणीदार म्हणाला.

"आणि खालची सही? ती उलटी होईल त्याचं काय?" काका कडाडले. "ते काही नाही. या छापखान्यातून हाताने छापल्याशिवाय कागद बाहेर जात नाही. नवे कोरायचे. बाग सुलट. मोठ्या बागेचा आधी, बाकीचे सावकाश. खारू, तू कोरायचेस."

"कोरते ना," खारू म्हणाली. "दहा दिवसांत एक होईल. लाकूड आणायला आजच..."

"लाकूड आहे. जुना ठसा रंधून सपाट कर."

खारूला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. काकांनी मात्र रंधा आधीच काढून ठेवला होता. खिडकीखालच्या कामाच्या फळीवर तो ताज्या धारेसकट तयार होता, याचा अर्थ हा निर्णय सकाळीच झाला होता आणि ही सगळी बैठक नुसती माना हलवायला बोलावली होती.

"काका, जुने राहू देत. नवं लाकूड मी शोधून आणते."

"जुने राहिले तर उद्या कोणीतरी दोन्ही शेजारी ठेवील आणि म्हणेल, बघा, म्हातारा चुकला होता." काकांचा आवाज खाली आला. "त्या माणसाने मला उभं केलं. लोक त्याला हसलेले मला चालणार नाहीत. माझे हात आता कापतात, नाहीतर तुला सांगितलंही नसतं. एक रंधलास की बाकीच्या सहांना मन घट्ट होईल."

"मलाही नाही चालणार कोणी हसलेलं," आत्या म्हणाली, आणि तीन वर्षांनंतर भाऊ-बहीण एका बाजूला झाले. "रंध."

काकू बराच वेळ कपाची कड पुसत होती. "मला नाही पटत," ती म्हणाली. "त्या ठशांवरून सासूबाई रोज दुपारी हात फिरवायच्या. धूळ पुसतेय म्हणायच्या. मी फडकं दिलं तर बाजूला ठेवायच्या. त्यांचा हात लागलेली वस्तू आहे ती."

"तिला सांग," आत्या खारूला म्हणाली, "हाताकडे बघत बसण्यापेक्षा डोळ्यांकडे बघितलं असतं तर बरं झालं असतं."

काकूने कप खाली ठेवला. यावर मोजणीदारानेही मान खाली घातली, आणि तो सहसा फक्त जमीन मोजायला मान खाली घालायचा.

खारू उठली. तिला आत्याचा राग आला होता, काकांचा आला होता, आणि सगळ्यात जास्त आजोबांचा आला होता. ज्या ठशांवर ती हात बसवायला शिकली ते सात ठसे एका फालतू चुकीपायी रंध्याखाली जायचे होते, आणि ते काम तिच्या हातून व्हायचं होतं. तिने कपाटातून मोठ्या बागेचा ठसा काढला. दोन्ही हातांनी उचलावा लागे असा तो जड होता, आणि वर्षानुवर्षांच्या शाईने काळा झाला होता. तिने तो फळीवर बसवला, दोन्ही बाजूंनी पाचर मारली, आणि कुठल्या बाजूने रंधायचं ते पाहायला खिडकीकडे वाकली.

उजेड तिरपा येत होता. तिची नजर खालच्या कोपऱ्यात गेली, आणि ती तशीच वाकून राहिली.

"काका, सहीबद्दल मघाशी काय म्हणालात?"

"काय म्हणालो?"

"चित्र सरळ केलं तर सही उलटी होईल म्हणालात. म्हणजे छापेत सही सुलट आहे." तिने ठशाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "इथे ती उलटी कोरलीय. आरशात बघून, धड्याप्रमाणे. एकाच ठशावर, एकाच हाताने. धडा विसरलेल्या माणसाला तो सहीपुरता आठवेल का?"

काका उठून आले. मोजणीदारही आला, आणि त्याने उगाचच सहीची लांबी मोजली.

"मग काय, बाग मुद्दाम उलटी छापली?" काका म्हणाले. "कशासाठी?"

"छापली उलटी. लाकडावर सुलट आहे," खारू म्हणाली. "लाकडावर बाग जशी आहे तशीच आहे. आजोबांना कागदाचं पडलंच नव्हतं, काका. त्यांना लाकूड बरोबर हवं होतं."

"लाकूड कोण बघतं?"

खारू पुन्हा ठशावर वाकली. ती ठसा निरखत राहिली. छापेत जिथे कोरा पांढरा कागद दिसतो, तिथलं लाकूड खोल कोरून काढलेलं असतं. पण आजोबांच्या ठशांत त्या खोलगट जागी बारीक बारीक उंचवटे राहून गेलेले होते. शाईचा रूळ तिथवर पोचत नसे, त्यामुळे ते कधी छापले जात नसत. घरात सगळे म्हणत, म्हाताऱ्याने शेवटी शेवटी साफसफाईचा कंटाळा केला. खारूनेही तेच म्हटलं होतं. आता तिने डोळे मिटले आणि फाटकापासून बोट चालवलं. वाटेच्या बाजूला, खोलात, तीन लहान उंचवटे, एकाखाली एक.

"फाटकातून आत गेलं की पुढे काय आहे?" तिने डोळे मिटूनच विचारलं.

"तीन पायऱ्या," मोजणीदार ताबडतोब म्हणाला. "प्रत्येकी पंधरा सेंटिमीटर."

"चित्रात पायऱ्या आहेत?"

"नाहीत."

"इथे आहेत."

काकू कधी जवळ येऊन उभी राहिली ते कोणाला कळलं नाही. तिचा चेहरा उतरला होता. "फडकं बाजूला ठेवायच्या," ती पुन्हा म्हणाली, पण आता स्वतःशीच.

आता काय शोधायचं ते खारूला कळलं. तिने छापांचा मोठा खण ओढला. घरात प्रत्येक वर्षाची पहिली छाप तारीख घालून ठेवायची पद्धत होती. तिने मोठ्या बागेच्या छापा टेबलावर ओळीने मांडायला सुरुवात केली, आणि ती त्यांतली वाट बघतेय हे काकांनी सगळ्यात आधी ओळखलं.

फाटकापासून तळ्याकाठच्या बाकापर्यंतची पुसट वाट ही या घराण्याची खूण होती. बाकापर्यंत वाट धुक्यात गेल्यासारखी, आणि बाकाच्या पुढे एकदम काळीभोर. एका जाणकाराने वर्तमानपत्रात तिच्यावर दोन रकाने लिहिले होते. काका शिकाऊ लोकांना सांगत, "नजर आधी हरवते, मग सापडते." आणि गेली कित्येक वर्षं ते प्रत्येक नव्या ठशावरची वाट बारीक पॉलिशपेपरने घासून तशीच पुसट करून घेत. खारूनेही असंख्य वाटा घासल्या होत्या.

टेबलावरच्या पहिल्या छापेत वाट फाटकापासून शेवटपर्यंत काळी होती. दोन वर्षांनी जराशी फिकट. आजोबा गेले त्या वर्षी करडी.

"बाबा सुधारत होते तिला," काका म्हणाले. "दर वर्षी थोडी थोडी."

"आजोबा गेले त्याच्या पुढच्या सहा छापा बघा," खारू म्हणाली. "वाट अजून पुसट होत गेलीय. तेव्हा कोण सुधारत होतं? आणि मग तीन वर्षांपूर्वी थांबली. त्यानंतरच्या तिन्ही छापा अगदी सारख्या आहेत."

तीन वर्षांपूर्वी काय थांबलं होतं ते त्या खोलीत कोणालाही सांगावं लागलं नाही.

पहिल्यांदा बोलली ती काकू. "मी एकदा त्यांच्याबरोबर बागेत गेले होते," ती म्हणाली. "रोज एकट्याच जायच्या, संध्याकाळी. मला म्हणाल्या, तू माझ्या मागून ये, मध्ये बोलू नकोस. मला वाटलं देवाचं नाव घेत असतील. पावलं मोजत होत्या. मी... एवढी मी आंधळी." ती थांबली. "पंधरा वर्षं त्यांना मीच वाढायचे. ताटात काय कुठे आहे ते सासरे होते तोवर रोज मोठ्याने बोलायचे. डावीकडे भाजी, वाटी पलीकडे. मी म्हणायचे, म्हाताऱ्याला जेवणाचं किती कौतुक."

आत्या खुर्चीतच बसून होती. ती उठली नाही, पण बोलली, आणि खारूकडे न बघता बोलली. "तिच्या शिवणाच्या डब्यात नेहमी दहा सुया दोरा ओवून ठेवलेल्या असायच्या. मी दर महिन्याला यायचे. म्हणायचे, आई किती टापटिपीची. ओवून कोण ठेवत होतं ते माझ्या डोक्यात कधी आलं नाही." मग ती काकूकडे वळली. "दोघांनी मिळून लपवलं गं. त्यांनी लपवायचं ठरवलं तिथे तुझं काय चाललं असतं? मी तुला नको ते बोलले."

"जाऊ द्या, वन्सं," काकू म्हणाली.

"जाऊ कशाला देऊ? तीन वर्षं चहा मी तुझ्या हातचा प्यायले नाही. आज प्यायले तर लक्षात आलं, काय गमावलं ते." आत्याने नाक पुसलं. "साखर मात्र कमीच घालतेस अजून."

काकू हसली, रडली, आणि दोन्ही एकदम करताना तिने आत्याचा हात धरला. मधल्या खुर्चीची गरज संपली होती. खारूने ती उचलून भिंतीला लावली.

काकांकडे मात्र कोणी बघत नव्हतं, आणि ते बरंच होतं. त्यांनी फळीवरून रंधा उचलला, कपाटात ठेवला, कपाट बंद केलं. मग त्यांनी आपला खण उघडून पॉलिशपेपरचा सगळा गठ्ठा बाहेर काढला आणि मुलाच्या हातात दिला.

"हे सुताराला देऊन टाक."

"सगळा?"

"मोजत बसू नकोस. सगळा." ते खुर्चीवर टेकले. "इतकी वर्षं मी शिकाऊ पोरांना सांगत होतो, नजर हरवते आणि सापडते. तो जाणकार दोन रकाने लिहून गेला. आणि आईची बोटं चालत होती ती." त्यांना हसू फुटलं. आधी घशात, मग पोटातून, आणि ते हसता हसता मान हलवत राहिले. "बाबांना हे कळलं असेल ना, आम्ही घासत बसणार ते?"

"कळलं असणारच," खारू म्हणाली. "म्हणून तर गिऱ्हाइकाला उलटं उभं केलं."

"खारू, कागद घे. कचेरीला उत्तर लिही." काकांनी चष्मा नीट केला. त्यांचा आवाज पुन्हा छापखान्याच्या मालकाचा झाला होता. "पत्र मिळालं. चित्रात चूक नाही, दुरुस्ती होणार नाही. छापा भिंतीवर लावाव्यात. पण सात ठसे आम्ही पाठवत आहोत, ते दालनाच्या मधोमध टेबलावर ठेवावेत, कमरेच्या उंचीवर, फाटक बघणाऱ्याच्या बाजूला येईल असे."

"काच?" मोजणीदाराने विचारलं.

"काच नको. लिही, काच चालणार नाही. येणाऱ्या प्रत्येकाला हात लावू द्यावा, आणि ज्यांना दिसत नाही त्यांना आधी."

"झिजतील, पप्पा."

"झिजू देत. त्यासाठीच केलेत ते."

खारूने लिहून घेतलं, काकांनी सही केली, हात कापत असतानाही सुलट आणि स्वच्छ. मग तिने पाचरी काढल्या, आणि ठसा उचलून काकांच्या समोर टेबलावर ठेवला, फाटक त्यांच्या बाजूला. काका जरा घुटमळले. आयुष्यभर त्यांनी लाकडाला पारखायलाच हात लावला होता. त्यांनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि उजव्या हाताचं पहिलं बोट फाटकात ठेवलं.

"तीन पायऱ्या," ते पुटपुटले. "मग वळण. हे काय... पाण्याची तोटी. हो, तिथे तोटी आहे. आता उजवीकडे तळं." बोट हळूहळू पुढे सरकत होतं. लाकूड तिथे नदीतल्या गोट्यासारखं गुळगुळीत झालं होतं. "आणि हा बाक."

बोट बाकाशी थांबलं. त्यांनी ते जरासं पुढे नेलं आणि लगेच मागे घेतलं, कारण पुढची वाट आजही काल कोरल्यासारखी बोटाला टोचत होती.

"काय झालं?" काकूने विचारलं. "जा ना पुढे."

"पुढे ती कधी गेलीच नाही," काका म्हणाले. "बाबा छापखान्यातून निघून सरळ तिथे येऊन बसायचे."